बिनबोभाट बायनरी

दहा ही संख्या बायनरीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, लिहायला शाळकरी पोराला अर्धं मिनिट लागतं. दोनाने भागत जायचं, बाक्या बाजूला मांडायच्या आणि शेवटी त्या खालून वर वाचायच्या. १०१०, संपलं. हेच काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं म्हटलं की माझी सकाळ जाते. ज्याच्या पोटात शून्य आणि एक सोडून दुसरं काही नाही, त्याच्याकडेच शून्य-एक मागायचे आणि त्याने आढेवेढे घ्यायचे! रसवंतीगृहात ऊस संपलाय म्हणून सांगावं, त्यातला प्रकार.

पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ह्या कामासाठी ‘बिन’ नावाचं फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, आहे. २००८ साली २.६ आवृत्तीत ते आलं. त्याआधी ज्याचा लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोड) त्याने लिहायचा. नाव मराठी कानाला फसवणारं. बिनपाण्याची, बिनभाड्याचं, बिनबोभाट, म्हणजे कसली तरी कटकट वाचणार असं वाटतं. प्रत्यक्षात बिनच्या हातात दहा ठेवले की पदरात पडतं ‘०बी१०१०’. उत्तर मुंडावळ्या बांधूनच मांडवात येतं. त्याला कारण आहे: नुसतं १०१० लिहिलं तर ते एक हजार दहा वाचलं जाईल, ‘०बी’ लावलं की पायथन ते स्वतःच दहा म्हणून ओळखतो. पण मला हवे असतात नुसते अंक, फायलीत एकाखाली एक लावायला.

मग मुंडावळ्या सोडवण्याचे उद्योग सुरू होतात. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: पुढची दोन अक्षरं कापा. दहाला चालतं, हजाराला चालतं. वजा दहा आले की बिन देतं ‘-०बी१०१०’. कात्री पहिली दोन अक्षरं, म्हणजे वजा आणि शून्य, घेऊन जाते आणि हातात राहतं ‘बी१०१०’. वजा गेला, बी राहिलं. आता ते पेरायचं कुठे?

दुसरा उपाय अधिक हुशार दिसतो, म्हणून अधिक धोक्याचा. डावीकडची अक्षरं काढणाऱ्या ‘एलस्ट्रिप’ला ‘०बी’ सांगायचं. आपली समजूत अशी की तो ‘०बी’ हा शब्द काढेल. तो शब्दबिब्द बघत नाही. डावीकडून शून्य किंवा बी जे दिसेल ते खरवडत सुटतो, थेट पहिल्या एकापर्यंत. शून्याच्या उत्तरात, ‘०बी०’मध्ये, एक नसतोच. त्यामुळे सगळं खरवडलं जातं आणि उरते रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेली माळ. वेदान्ताच्या दृष्टीने उत्तर बरोबर असेलही, फायलीतला रकाना मात्र गायब.

सरळ रस्ता पायथनच्याच ‘फॉरमॅट’ ह्या फंक्शनचा. त्याला दहा आणि ‘बी’ दिलं की मुंडावळ्यांशिवाय १०१० मिळतं. ‘०८बी’ दिलं की ००००१०१०. ह्यातलं शून्य सांगतं की मोकळी घरं शून्यांनी भरा आणि आठ सांगतो की घरं किमान आठ. किमान! ३०० दिले तर १००१०११०० असे नऊ अंक येतात आणि कोणी हूं की चूं करत नाही. लोकलच्या तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, तसा नववा टेकतो आणि खालचे सगळे रकाने सरकतात. वजा पाच दिले तर ‘-००००१०१’. मोजून पाहा, आठच आहेत. पण एका जागेवर वजाने रुमाल टाकलेला.

खरी मेख ह्या वजातच आहे. बायनरीत वजा पाच म्हणजे काय? पायथनचे पूर्णांक हवे तेवढे लांब होऊ शकतात, त्यांना ठरलेली रुंदी नाही. म्हणून तो बिचारा वजाचं चिन्ह काढतो आणि पुढे पाच लिहितो. जावा ह्या दुसऱ्या भाषेतला ‘इंट’ हा पूर्णांक ३२ बिटांचा, म्हणजे बत्तीस शून्य-एकांचा, त्यामुळे तिथलं ‘टूबायनरीस्ट्रिंग’ वजा पाचाला एकोणतीस एक आणि शेवटी ०११ असे ठणठणीत बत्तीस अंक देतं. अधिक पाचाला? १०१. तीन! पुढची शून्यं जावा गिळतो. ती परत हवी असतील तर आधी उत्तर आठ जागांत उजवीकडे ढकलायचं आणि मग डावीकडच्या मोकळ्या जागांच्या जागी शून्यं बसवायची, कारण स्ट्रिंगला थेट शून्यांनी भरणं त्याला मंजूर नाही.

सी भाषेची तर तऱ्हाच वेगळी. तिथल्या छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’ला अष्टमान (आठाच्या पायावरचं) येतं, षोडशमान (सोळाच्या) येतं, द्विमान अधिकृतपणे यायला सी२३ हे प्रमाण यावं लागलं. तोवर शाळेतलाच भागाकार. त्यात वजा पाच घातले की बाकी येते वजा एक. बाकीचं अक्षर करायला ती ‘०’ ह्या अक्षराच्या आस्की क्रमांकात (संगणकाच्या अक्षर-तक्त्यातल्या क्रमांकात) मिळवतात, आणि तो आहे ४८. त्यातून एक गेला की ४७, आणि ४७ म्हणजे तिरकी रेघ. उत्तर छापलं जातं ‘/०/’. तोच लूप पायथनमध्ये लिहिला तर तिरकी रेघसुद्धा नशिबात नाही. तिथे पूर्णांकी भागाकार खालच्या बाजूला झुकतो: वजा पाचाचे वजा तीन, मग वजा दोन, वजा एक, वजा एक, वजा एक... शून्य येतच नाही, लॅपटॉपचा पंखा मात्र येतो.

तेव्हा घरं किती, हे आधी ठरवा. आठ ठरली तर वजा पाच आणि २५५ ह्यांचं ‘अँड’ करा, म्हणजे दोघांत एक असेल त्याच घरात एक ठेवा. उत्तर २५१ येतं, म्हणजे २५६ वजा ५, आणि ते ‘०८बी’तून काढलं की १११११०११. (एक मोजताना डोळे फिरतात, म्हणून तर हे काम यंत्राला सांगायचं.) मात्र त्याआधी संख्या वजा १२८ ते १२७ ह्यांच्या आत आहे ना, ते तपासा. नाहीतर हेच ‘अँड’ ३००चे निमूटपणे ४४ करून देतं.

हा घरांचा प्रश्न पिंगलाच्या छंदःशास्त्रात आधीच सुटलेला आहे. प्रस्तारातली (लघू-गुरूंच्या सगळ्या शक्य मांडण्यांच्या यादीतली) अमुक क्रमांकाची ओळ शोधण्याची ‘नष्ट’ नावाची रीत तिथे आहे: क्रमांक सम असेल तर लघू लिहा आणि निम्मे करा, विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मे करा. तीन अक्षरांतली सहावी ओळ घ्या. सहा सम, लघू. तीन विषम, गुरू. दोन सम, लघू. जभान, आपला ज गण. बाक्या उलट्या वाचायची भानगडच नाही. पण पहिली ओळ काढायला गेलात तर एकात एक मिळवून निम्मे केले की पुन्हा एकच. गुरूंची रांग थांबायची नाही. म्हणून अक्षरं किती, ते आधी माहीत असावं लागतं.

उलटा प्रवास मात्र सुखाचा आहे. पायथनच्या ‘इंट’ला स्ट्रिंग द्यायची, पाया दोन (म्हणजे अंक बायनरीतले आहेत) असं सांगायचं, आणि दहा परत. स्ट्रिंग देवनागरी अंकांत ‘१०१०’ अशी दिली तरी तो तक्रार करत नाही. फक्त पाया सांगायला विसरू नका, नाहीतर तितक्याच अदबीने तो एक हजार दहा हातावर ठेवतो.