यानाला इंजिनाचा हिशेब लावला म्हणून कथा मरत नाही

विज्ञानकथा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा गोषवारा असा: विज्ञानाशी इमान राखायचं तर हाती फक्त रासायनिक रॉकेट उरतं. अणुइंजिन कागदावरच राहिलं, आयन इंजिनाचा जोर कागद उचलण्याइतका, आणि सौरशीड ही नुसती कविकल्पना. नासाने सिद्ध केलेलं बिनइंधनाचं इंजिन दडपलं गेलं. प्रतिद्रव्य हाती आलं की सगळे प्रश्न सुटतील, पण तोवर लेखकाने सरळ वार्प, म्हणजे अवकाशच वाकवून प्रकाशापेक्षा वेगाने जाण्याची युक्ती, वापरावी आणि यान कसं चालतं हे वाचकाला विचारू देऊ नये.

वार्पच्या कथा मीही आवडीने वाचतो. हरकत आहे ती त्याच्या समर्थनासाठी दिलेल्या कारणांना. त्यातली काही साफ चूक आहेत, आणि जी अर्धी खरी आहेत ती जास्त घोटाळा करतात.

"रासायनिक रॉकेटपलीकडे काहीच नाही." रॉकेट पुढे जातं ते मागे काहीतरी फेकून. जे फेकायचं ते जितक्या वेगाने फेकाल तितकं ते कमी लागतं. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनात हा झोत निर्वातात सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने निघतो. त्सिओल्कोव्स्कीने 1903 मध्ये मांडलेलं समीकरण सांगतं की यानाला झोताच्या तिप्पट वेग हवा असेल, तर निघतानाचं वस्तुमान पोहोचतानाच्या वीसपट लागतं. रासायनिक इंजिनाला मर्यादा आहे, ती ही. पण ती त्या इंधनातल्या ऊर्जेची मर्यादा आहे, भौतिकशास्त्राची नव्हे. अणुभट्टी, सूर्यप्रकाश किंवा केंद्रकीय संमीलन यांतून ऊर्जा घेतली की ती लागू होत नाही.

"अणुइंजिन कधी चाललंच नाही." हे साफ खोटं आहे. अमेरिकेत 1955 पासून 1973 पर्यंत अणुरॉकेटवर काम झालं आणि नेवाडाच्या वाळवंटात भट्ट्या प्रत्यक्ष पेटल्या. 1968 मध्ये फीबस-2ए ही भट्टी 4,000 मेगावॅटच्या वर गेली. 1969 मध्ये नर्व्हा प्रकल्पाचं एक इंजिन चाचणीत 28 वेळा सुरू करण्यात आलं. तत्त्व सोपं होतं: भट्टीतून हायड्रोजन सोडायचा, तो तापतो आणि रासायनिक इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतो. हा कार्यक्रम बंद पडला, कारण मंगळावर माणूस पाठवायचा बेत गुंडाळला गेला आणि पैसा आटला. अणुबॉम्ब मागे फोडत पुढे जाणाऱ्या ओरायन यानाची कहाणी वेगळी. 1958 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पात फ्रीमन डायसनसारखे भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि वातावरणात व अंतराळात अणुस्फोटांना मनाई करणाऱ्या 1963 च्या करारानंतर त्याला भवितव्य उरलं नाही. कथेत तो करार मोडला किंवा झालाच नाही, तर काय होईल? मला तरी हा प्रश्न वार्पपेक्षा चविष्ट वाटतो.

"आयन इंजिनाचा जोर कागद उचलण्याइतका." खरं आहे. हे इंजिन विद्युतभारित कण, म्हणजे आयन, विजेच्या जोरावर मागे फेकतं. नासाच्या डॉन यानाच्या इंजिनाचा कमाल रेटा 90 मिलिन्यूटन, म्हणजे ए-फोर आकाराचे दोन कागद तळहातावर ठेवल्यावर जाणवेल एवढा. पण हे इंजिन महिनोन्‌महिने बंद होत नाही. 2007 मध्ये निघालेलं डॉन 2011 मध्ये लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या व्हेस्टाभोवती फिरू लागलं, तिथून निघून 2015 मध्ये त्याच पट्ट्यातल्या सेरेसभोवती. पृथ्वीपलीकडच्या दोन वेगवेगळ्या पिंडांच्या कक्षेत स्थिरावलेलं ते पहिलं यान. स्वतःच्या इंजिनाच्या बळावर त्याने सेकंदाला 11 किलोमीटरहून अधिक वेगबदल साधला, तोही अर्ध्या टनाहून कमी झेनॉन वायूवर. जमिनीवरून उठायला हे इंजिन निरुपयोगीच, डॉनलाही वर रासायनिक रॉकेटनेच नेलं होतं. एका यानाला एकच इंजिन असावं हा हट्ट मुळात कोणाचा?

"सौरशीड ही कविकल्पना." जपानच्या इकारोस यानाने 2010 मध्ये 14 मीटर बाजूचं चौकोनी शीड उलगडलं आणि त्याच वर्षी ते शुक्राजवळून गेलं. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाश आरशासारख्या पृष्ठभागाला चौरस किलोमीटरमागे सुमारे 9 न्यूटन रेटा देतो, आणि गुरूपाशी तो सत्तावीसपटीने कमी होतो. म्हणजे आतल्या ग्रहांमध्ये सावकाश जाणाऱ्या मालवाहतुकीला शीड शोभतं, पाठलागाच्या प्रसंगाला नाही.

"बिनइंधनाचं इंजिन नासाने सिद्ध केलंय." बंद डब्यात सूक्ष्मलहरी खेळवून रेटा मिळतो, असा एमड्राइव्हचा दावा होता. नासातल्या एका छोट्या गटाने 2016 मध्ये तसा रेटा मोजल्याचा शोधनिबंध छापला, एवढंच खरं. 2021 मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी अधिक काटेकोर मोजमाप केलं, तेव्हा रेटा सापडला नाही. उपकरण तापून होणारे बारीक बदल रेट्यासारखे भासत होते. संवेग अक्षय्यतेचा नियम, म्हणजे मागे काही ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही हा नियम, अजून शाबूत आहे. यात दडपण्यासारखं काही नव्हतं.

आता मूळ मुद्दा, जो त्या मजकुरात कुठेच नाही. यान वास्तववादी वाटतं की नाही, हे इंजिनाच्या नावावर ठरत नाही. ते ठरतं शक्तीवर, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा ओतावी लागते आणि त्यातली वाया गेलेली उष्णता कुठे टाकायची यावर.

समजा मंगळ 8 कोटी किलोमीटरवर आहे. अर्धा रस्ता वेग वाढवत जायचं, उरलेला अर्धा कमी करत. सूर्याचं गुरुत्व तूर्त बाजूला ठेवू. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण सतत ठेवलं, तर प्रवासाला जेमतेम दोन दिवस लागतात. त्याच्या शंभराव्या भागाइतकं ठेवलं तर 21 दिवस, आणि तेही आजच्या कित्येक महिन्यांपुढे स्वप्नवतच. दुसऱ्या प्रवासासाठी झोत सेकंदाला 100 किलोमीटरचा घेतला आणि यानाचं वस्तुमान ढोबळमानाने 100 टन धरलं, तर झोताची शक्ती अर्ध्या गिगावॅटच्या आसपास येते. एका मध्यम अणुवीज केंद्राची ती क्षमता, म्हणजे अवघड पण कल्पनेच्या टप्प्यातली. पहिल्या प्रवासासाठी, इंधनाचं प्रमाण तेवढंच ठेवायचं तर, झोताचा वेग दहापट आणि रेटा शंभरपट हवा. शक्ती होते 490 गिगावॅट. प्रवास दहापट लवकर हवा, तर शक्ती हजारपट लागते.

आणि यातला फक्त 1 टक्का यानाच्या अंगात उष्णता म्हणून मुरला, तरी जवळपास 5 गिगावॅट बाहेर टाकावे लागतील. अंतराळात हवा नाही, त्यामुळे उष्णता जाते ती केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात. 1,000 केल्व्हिनवर तापलेल्या, दोन्ही बाजूंनी आदर्श प्रारण करणाऱ्या रेडिएटरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखाला, त्यासाठी 43,000 चौरस मीटर क्षेत्र लागतं, म्हणजे दोनशे मीटरहून थोडी मोठी बाजू असलेला चौरस. तापमान दुप्पट केलं तर क्षेत्र सोळापट घटतं, कारण प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पण 2,000 केल्व्हिनवर पांढरंधोप होऊन न वितळणारं काहीतरी हवं. अशा पंखांशिवाय यान रंगवणारे चित्रकार ही सगळी उष्णता कुठे पाठवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

"प्रतिद्रव्य मिळालं की प्रश्न संपले." एक ग्रॅम प्रतिद्रव्य आणि एक ग्रॅम साधं द्रव्य मिळून नष्ट झाले, तर 1.8 × 10¹⁴ जूल ऊर्जा मिळते. आकडा छाती दडपवणारा, पण आपलं 490 गिगावॅटचं इंजिन तेवढ्यावर सहा मिनिटं चालेल, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. दोन दिवसांच्या प्रवासाला अर्धा किलो प्रतिद्रव्य लागेल. माणसाने आजवर तयार केलेलं सगळं मिळून नॅनोग्रॅममध्येच मोजावं लागतं. शिवाय ते खाणीतून निघत नाही. बनवायला जितकी ऊर्जा घालाल, त्याहून कमीच परत मिळते. आणि प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनच्या नाशातून सुटणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा गॅमा किरणांच्या रूपात निघतो, ते चुंबकीय क्षेत्राने मागे वळवता येत नाहीत. उष्णतेचा प्रश्न सुटला तर नाहीच, उलट चिघळला.

"म्हणून वार्प." मिगेल अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या चौकटीत वार्पचं गणित मांडलं, हे खरं. त्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते आणि ती त्या प्रमाणात कुठून आणायची, याला उत्तर नाही. ताऱ्यांमधल्या साम्राज्यांची कथा असेल तर खुशाल वापरा. तसंही पर्याय फार नाहीत. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने 1973 ते 1978 मध्ये आखलेलं डेडॅलस हे यान 50,000 टन संमीलन-इंधन जाळून प्रकाशाच्या 12 टक्के वेग गाठणार होतं, आणि सुमारे अर्ध्या शतकाने सूर्याच्या शेजारच्या बर्नार्डच्या ताऱ्याजवळून न थांबता निघून जाणार होतं.

पण कथा सूर्यमालेतली असेल, तर वार्पची गरजच पडत नाही, आणि वाचकाला प्रश्न विचारू द्यायला भ्यायचंही कारण नाही. रेडिएटर उघडे ठेवले तर शत्रूला तापलेला ठिपका दुरून दिसतो, मिटले तर इंजिन काही मिनिटांत बंद करावं लागतं. मालवाहू यान 21 दिवस घेतं आणि लष्करी यान 5, कारण लष्कराला सत्तर-पंचाहत्तरपट शक्तीची भट्टी परवडते. शेकडो गिगावॅटचा झोत ज्याच्याकडे वळेल त्याचं काय होतं, हे तर सांगायलाच नको. मग अवकाशबंदरापासून किती अंतरावर इंजिन बंद करायचं याचा कायदा लागेल, तो राबवणारा अधिकारी लागेल, आणि घाईत असलेला एखादा कप्तानही.