तयारी शून्य, गुडघे फुल्ल

तयारी लागत नाही असं ज्या गोष्टीबद्दल सांगतात ना, तिची तयारी कुठे जात नाही, ती वर्ग सुरू झाल्यावर आपल्या गुडघ्यांकडून वसूल होते.

इंदूरला एका मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी पोरांना मराठी वाचायला शिकवते. रविवार सकाळ म्हणजे अख्खं शहर पोहे-जलेबीवर, त्यामुळे पोरं माझ्याकडे येतात ती पोट भरून आणि जांभया देत. देवनागरी त्यांना येते, शाळेत हिंदी आहेच, पण मराठी परिच्छेदात ळ दिसला की गाडी स्लो होते आणि चमच्यातले दोन्ही च थेट हिंदीतले निघतात.

म्हणून धावतं श्रुतलेखन काढलं. सामान काय, एक कागद आणि सेलोटेप. परिच्छेद भिंतीला चिकटवायचा, जोडीतल्या एकाने पळत जाऊन डोक्यात मावेल तेवढं वाचायचं, परत येऊन दुसऱ्याला सांगायचं, त्याने लिहायचं, मध्येच मी टाळी वाजवली की कामं बदलायची. अक्षर-अक्षर लावत बसलं तर वाटेतच विसरायला होतं, चार-पाच शब्दांचा अर्थ लागलेला तुकडाच उचलावा लागतो, हे पोरांना आपोआप कळतं, मला बोलावं लागत नाही. तसंही त्या गोंगाटात माझं ऐकतंय कोण.

परिच्छेद साधाच होता: अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडीला, १७६७ ते १७९५ होळकरांचं राज्य त्यांनी सांभाळलं, राजधानी महेश्वरला नेली. वह्यांमध्ये काय उतरलं? एका जोडीच्या अहिल्याबाई १७२५ पासूनच राज्य करत होत्या, म्हणजे पाळण्यातून. दुसरीच्या १७९५ ला महेश्वरला जन्मल्या आणि तिथून मागे मागे येत गेल्या. मग "अरे जा, बघून ये" करत पुन्हा भिंतीकडे धाव, म्हणजे दुसरं वाचन फुकटात. हेच मी "पुन्हा एकदा वाचा" म्हटलं असतं तर रडले असते.

लबाड्या पण अस्सल. एकाने मोबाईलवर फोटो काढला, एक जण भिंतीपाशीच उभा राहून ओरडून सांगायला लागला, आणि एका नातवाला सोडायला आलेले आजोबा चष्मा सावरत कागदापुढे जे उभे राहिले ते हलेचनात. "ह्यात मल्हाररावांचं नाव नाही, हे कसं काय?" मागे सगळ्या जोड्यांचा ट्रॅफिक जाम.

बसून करायचं म्हणून दुसरं: मी वाचताना मुद्दाम चुकायचं, त्यांनी पुस्तकात बघून टाळीने पकडायचं. पुस्तकातला इंदूरचा राजवाडा सात मजली, मी नऊ म्हटलं की हॉल दणाणतो. पण नंतर मी पाणी प्यायला थांबले तरी टाळ्या. वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम लावायचा प्रकार मी कायमचा बंद केलाय, वर पंखा असताना तो करू नये एवढंच सांगते.

माझा लाडका मात्र आवाजांचा खेळ. एकच परिच्छेद पाच वेळा वाचा म्हटलं तर बंड होतं, पण एकदा क्रिकेट कॉमेंट्रीसारखा, एकदा चिडलेल्या मम्मीसारखा, एकदा सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, विकणाऱ्याच्या आवाजात वाचा म्हटलं की नंबर लागतात, आणि पाचव्या वेळेला तो ळ सुद्धा न अडखळता सुटतो (मम्मीच्या आवाजात सगळ्यात छान, का ते विचारू नका).

आता आमच्या खालच्या मजल्यावर योगाची बॅच असते. तिथून निरोप आला की शवासनात छत हादरतं. सेक्रेटरीकाका वर आले, "वहिनी, वाचन बसून नाही का होत?"

होतं की. पुढच्या रविवारी मूकवाचन ठेवलं. ज्याला जे आवडेल ते पुस्तक, दहा मिनिटं, नंतर प्रश्न नाहीत, आणि बाईंनी पण वाचायचं. ह्याला मात्र खरंच काही म्हणजे काही तयारी नाही. पोरं सतरंजीवर पांगली, मी खुर्चीत बसून पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचते न वाचते तोच एक जण जवळ येऊन काळजीने म्हणाला,

"काकू, तब्येत खराब आहे काय? मम्मीला फोन लावू?"