दहा बाय दहासाठी दोन हजार वॅट

पहिली स्टिरिओ सिस्टीम घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. आता गाणी ऐकण्याचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. गाणी फोनवर ऐकता येतात, रिक्षात ऐकता येतात, शेजारच्या घरातली तर न मागता ऐकू येतात. सिस्टीम घ्यायची ती घरात आहे हे पाहुण्यांना दिसावं म्हणून आणि चालू आहे हे इमारतीला कळावं म्हणून. एवढ्या दोन कसोट्या धरून चाललात तर सहसा फसणार नाही.

दुकानात शिरल्याबरोबर खोक्यावरचा वॅटचा आकडा बघा. खोली दहा बाय दहाची आहे, तेव्हा निदान २,००० तरी हवेत. आकड्यापुढे ‘पीएमपीओ’ अशी अक्षरं असतील तर डोळे मिटून घ्या. ही मोजायची पद्धत फार उदार आहे. तिला सर्वमान्य असं काही मानकच नाही, त्यामुळे बनवणाऱ्याला मनात येईल तो आकडा निर्मळ मनाने छापता येतो. बरोबर आलेला एखादा आगाऊ मित्र ‘आरएमएस किती?’, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट किती, असं विचारेल. त्याला बाहेर चहाला पाठवा. तुम्हीही यंत्राच्या पाठीकडे बघू नका. तिथे एक बारकी पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, ४० वॅट’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. महावितरणकडून ४० घ्यायचे आणि पुढून २,००० काढायचे, हा चमत्कार अजून कुठल्याही वीज केंद्राला जमलेला नाही. असे नऊ लाख ऐंशी हजार डबे जमवले की कोयनेचे सगळे टप्पे मिळून होतात तेवढे १,९६० मेगावॅट तयार. शिवाय धरणात पाणी किती आहे याची चिंता नाही.

वॅटचे भलतेसलते हिशेब मांडणारे लोक तुम्हाला भेटतीलच. ते म्हणतील, साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६-८७ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, कानाला कळेल न कळेल इतका. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दहापट लागतात. थोडक्यात, या खोलीतलं तुमचं रोजचं ऐकणं एका वॅटच्या आतबाहेर उरकतं आणि खरेखुरे वीस-पंचवीस वॅट असले तर घरच्या बारशालाही पुरून उरतील. हिशेब बरोबर असेलही. पण वीस हा काय चारचौघांत सांगायचा आकडा आहे? तिकडे साडूने पाच हजार वॅटचा घेतलाय.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, मात्र जाताना आपली गाणी नेऊ नका. ज्यातली श्वास घ्यायची जागासुद्धा पाठ आहे असं एखादं भावगीत पेन ड्राइव्हमध्ये घालून नेलंत, तर दोन स्पीकरमधला फरक मिनिटाभरात कळेल, आणि फरक कळला की निवड करावी लागते. नकोच ते. दुकानदार लावेल तेच ऐका. तो हेलिकॉप्टर लावेल, काचा फोडेल, घोडे पळवेल. घरी हेलिकॉप्टर किती वेळा ऐकता, हे स्वतःला विचारू नका. दोन सिस्टीम शेजारीशेजारी लावून दाखवताना जी खपवायची असते तिचा आवाज तो चिमूटभर मोठा ठेवतो. चिमूटभर मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगणं हा दुकानदाराचा अपमान आहे. तो करू नये, त्याने आपल्याला थंड पाजलेलं असतं.

आकारात काटकसर नको. छातीपर्यंत येणारे, पुढे चार-चार गोल असलेले उभे स्पीकर घ्या. छोट्या खोलीला छोटा स्पीकर हा विचारच दरिद्री. तो बीबीसीच्या अभियंत्यांना एकदा सुचला होता. स्टुडिओबाहेरचे कार्यक्रम मुद्रित आणि प्रक्षेपित करणाऱ्या गाडीत, जिथे माणसाला धड हात पसरता येत नाहीत, तिथे बसून बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू यावा म्हणून त्यांनी १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. बुटांच्या खोक्याएवढा, आत खालच्या सुरांसाठी पाच इंचांच्या आसपासचा एक वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक ट्वीटर, बस्स. त्याच्यावर जीव टाकणारे लोक आजही आहेत. पण त्यांना नुसतं ऐकायचं असतं, तुम्हाला सोसायटीत राहायचं आहे.

पाच स्पीकर आणि एक सबवूफर (नुसता खर्ज काढणारं खोकं) असा होम थिएटरचा संच मिळाला तर दुधात साखर. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मागचे दोन स्पीकर टीव्हीच्या शेजारीच ठेवावे लागतात. सिनेमातला खुनी पाठीमागून आला तरी तुमच्याकडे समोरूनच येतो. हृदयविकार असलेल्यांनी ही मांडणी जरूर करावी.

आता खोलीकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. खोली अगदी चौरस असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. आवाज सेकंदाला साधारण १,१२५ फूट जातो. दहा फुटांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन भिंतींमध्ये वीस फुटी लाटेचा बरोबर अर्धा भाग बसतो. म्हणजे ५६ हर्ट्‌झच्या (सेकंदाला ५६ कंपनं) आसपासचा स्वर एकदा आत शिरला की निघायचं नाव घेत नाही. लांबी दहा, रुंदी दहा आणि छतही जवळपास तेवढंच उंच असेल तर तिन्ही दिशांनी तोच स्वर घुमतो. आयताकृती खोलीत हे घुमणं निरनिराळ्या स्वरांत वाटलं तरी जातं, इथे सगळं एकाच्याच वाट्याला येतं. लावणी लावा नाहीतर अभंग लावा, मधूनमधून तेच ‘ढुम्म’ हजेरी लावणार. एवढी सोय करून देऊनही बिल्डर तिचे वेगळे पैसे लावत नाही, हे विशेष.

याच्या पुढची गंमत अशी की ही लाट भिंतींपाशी सर्वांत जोरात असते आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा खुर्ची नेमकी मधोमध, पंख्याखाली टाका. बास, म्हणजे खर्ज, कमी वाटेल. मग बासचं बटण उजवीकडे पिळा. तरी कमीच वाटेल. मग सबवूफर आणा आणि तो कोपऱ्यात सारा, कारण दोन भिंती आणि जमीन यांच्या बेचक्यात तो दुप्पट फुगतो. मधे बसलेल्या तुम्हाला अजूनही काही येणार नाही, पण गोदरेजच्या कपाटाचं दार थरथरेल, मांडणीवरच्या वाट्या एकमेकींशी बोलायला लागतील आणि आतून “अहो, तो धडधडाट बंद करा आधी!” असं ऐकू आलं की समजावं, सबवूफर नीट लागला. खुर्ची दोन-अडीच फूट मागे किंवा पुढे सरकवून पाहावी असाही एक उपाय सांगतात. त्याला पैसे पडत नाहीत, यावरूनच त्याची लायकी कळते. त्याहून हलका उपाय म्हणजे स्पीकरच्या पाठीमागच्या भोकात पायमोजा कोंबणे. घुमणं कमी होतं हे खरं, पण हप्त्यावर आणलेल्या वस्तूत कोणी पायमोजे घालतं का?

‘सबवूफर हवा कशाला?’ असं विचारणारी गवयांच्या मैफली ऐकून बिघडलेली एक जमात आहे. तिच्यापासून लांब राहा. हे लोक सांगतात की पेटीच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या बुवांच्या तानपुऱ्याची खर्जाची तारसुद्धा ६९ हर्ट्‌झच्या आसपास लागते, आणि साडेपाच इंची वूफरचा बरा स्पीकर तिथपर्यंत सहज उतरतो. डग्ग्याची घुमक सोडली तर त्याखाली आपल्या गाण्यात फारसं काही घडतच नाही. घडत नसेल, पण न घडणारं ऐकायलाच तर वेगळं खोकं लागतं! अर्थात पुण्यात राहत असाल तर गणपतीचे दिवस सोडून बाकीच्या महिन्यांसाठीच.

स्पीकर मांडायच्या बाबतीत इंग्लंडच्या ॲलन ब्लुमलाइनने पुष्कळ घोळ घालून ठेवला आहे. डाव्या-उजव्या दोन वाटांनी आवाज नेऊन ऐकणाऱ्याला त्याची दिशा कळावी, यासाठी त्याने १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. तेव्हापासून जाणते लोक त्रिकोण काढत बसले आहेत. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण हवा, ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा, पाठीमागे भिंतीपासून हातभर जागा हवी. यांच्या खोलीत दिवाण, शिलाई मशीन, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि वाळत घातलेले टॉवेल नसावेत. आपली पद्धत निराळी आहे. एक स्पीकर कपाटावर, प्रवासाच्या बॅगांच्या शेजारी. दुसरा फ्रिजवर, वायर पुरत नाही म्हणून तोंड मोरीकडे. वायर जोडताना एका स्पीकरला लाल टोक लालला लावा आणि दुसऱ्याला काळ्याला. मधे उभा असलेला गायक विरघळून चारी बाजूंना पसरतो, खर्ज पातळ होतो. बऱ्याच घरांत याला ‘सराउंड’ म्हणतात.

आणि एवढं करून ऐकणार काय? बालगंधर्वांच्या तबकड्या, जुनी नाट्यपदं, आजोबांना आवडणारी भावगीतं. ७८ च्या वेगाची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, आणि सगळा मामला मोनो. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास, आपल्याकडे रुळल्या त्याच्याही बऱ्याच नंतर. तेव्हा तुमच्या दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येणार. जोडी नीट मांडली असेल तर तो दोन्हींच्या बरोबर मधे, रिकाम्या जागेत माणूस उभा असल्यासारखा येतो, आणि पहिल्यांदा ऐकणारा उठून तिथे काही आहे का ते बघतो. कपाट-फ्रिज पद्धतीत बालगंधर्व फ्रिजमधून गातात. उन्हाळ्यात बरं वाटतं.

स्पीकर घरी आल्यावर त्यावरचं प्लास्टिक काढू नका, वॉरंटी संपेपर्यंत तरी नाही. वर क्रोशाचा रुमाल अंथरा, रुमालावर फुलदाणी ठेवा. जागा नसेल तर शोकेसमध्ये घालून काच सरकवून घ्या, म्हणजे धूळ बसत नाही आणि आवाजही बाहेर येऊन हरवत नाही. कोपऱ्यात गाद्यांची चळत असेल, दारावर जाड पडदा असेल, दिवाणावर आजीची गोधडी असेल, तर ते सगळं हलवा. कापूस आवाज पितो, त्यामुळे खोलीतला कलकलाट कमी होतो आणि शब्द नको इतके स्पष्ट ऐकू येतात. त्याऐवजी चकचकीत फरशा, काचेचं टीपॉय आणि कोऱ्या भिंती ठेवा. मधे उभं राहून एक टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असं उत्तर आलं की खोली गाण्यासाठी तयार आहे.

केबलचं थोडक्यात सांगतो. तीन मीटरच्या तारेसाठी जितके पैसे मोजाल तितका दर्जा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली जाड तांब्याची साधी वायर तेच काम करते, पण तिच्यावर सोनेरी जाळी नसते.

सिस्टीम चालू केल्यावर गाणं लावायच्या आधीच एक अखंड गुंजन ऐकू येईल. अर्थिंगकडे लक्ष न दिल्याचं हे फळ. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात बसवण्याचं आपलं राष्ट्रीय कौशल्य इथे उपयोगी पडतं. वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ही घूं बऱ्याचदा १०० हर्ट्‌झवर लागते, म्हणजे पांढरी पाचपेक्षा किंचित चढी. बुवा काळी एकमध्ये गात असतील तर मात्र सुरांची पंचाईत. इलेक्ट्रिशियनला बोलावण्यापेक्षा पांढरी पाचमध्ये गाणारे गायक निवडावेत आणि त्यांना थोडं चढं गायला सांगावं.

नात्यातले एखादे काका अजून कोलकात्याचा सोनोडाइन किंवा मुंबईचा कॉस्मिक ॲम्प्लिफायर पुसूनपासून जपत असतील. ते म्हणतील, “अरे, माझा घेऊन जा की, नवीन कशाला?” नम्रपणे नाही म्हणा. त्याला रिमोट नाही, निळे दिवे नाहीत आणि तो फुकट आहे. जुन्या बाजारातही असं काही हाताला लागलं तर हात मागे घ्या.

राहता राहिला कायदा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. वर सांगितलेला एक वॅटवाला स्पीकर घरातल्या घरात ती पहिल्या सुरालाच ओलांडतो, तेव्हा दोन हजार वॅटवाल्याने या आकड्यांची काळजी करणं शोभत नाही. उंच स्वर भिंत अडवते, खर्ज अडवता अडवत नाही. तो स्लॅबमधून खाली उतरतो आणि खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या दिवाणाखाली जाऊन बसतो. रात्री साडेदहाला बेल वाजेल. दार उघडा, त्यांना आत घ्या, खुर्ची द्या आणि बास कसा आहे ते नीट विचारून घ्या. तुम्ही तो अजून ऐकलेला नाही.