हा बटवा माझा नव्हे

मंगळवारी रात्री पावणेअकराला लेकीचा फोन आला. एवढ्या रात्री तिचं नाव दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. फोन उचलला तर बाईसाहेब मुसमुसत होत्या. "आई, नववा महिना सरत आला, हा अजून रांगत नाही. बुडावरच सरकतो. मेंदूचं काही असेल का गं?" डॉक्टर काही म्हणाले का, विचारलं. नाही. मग कोण म्हणालं? जाऊबाईंनी मेसेज पाठवला होता.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'आजीच्या बटव्यातून : बाळ लवकर चालण्या-बोलण्याचे पाच उपाय', आणि खाली 'दहा मातांना पाठवा, पुण्य लागेल'. मी स्वतः आजी आहे, बटवाही आहे माझ्याकडे. त्यात मुरुडशेंग आहे, बाळहिरडा आहे, सहाणेवर झिजलेलं जायफळ आहे. मेसेजातलं निम्मं त्यात कधीच नव्हतं.

लेक रडली ते पहिल्या वाक्याला. 'आठ महिन्यांत न रांगणाऱ्या बाळाच्या मेंदूचे डावे-उजवे भाग जोडले जात नाहीत.' अहो, ते भाग जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा पोटात असतानाच तयार होतो, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत. रांगून कोणी तो शिवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली 816 निरोगी मुलं महिनोन्‌महिने पाहिली आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापले. हातागुडघ्यांवर रांगणं कुणाचं 5.2 महिन्यांना सुरू झालं, कुणाचं 13.5ला. शंभरातली चार-एक मुलं तर तशी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. केवढा हा पल्ला! आमचा नातू त्यात कुठेही बसतो. बसून बसून, पण बसतो.

आता दुसरा उपाय. 'पाचव्या महिन्यापासून वॉकरमध्ये बसवा, नवव्या महिन्यात बाळ धावेल. पूर्वी पांगुळगाडा होताच की!' हे वाचून माझं डोकंच फिरलं. पांगुळगाडा पाहिलाय का हो कुणी? तीन चाकांचा लाकडी गाडा, समोर दांडी. पोर स्वतःच्या पायांवर उभं राहतं, दांडी धरतं आणि ढकलतं. उभं राहता येत नसेल तर गाडा हलतच नाही. वॉकरमध्ये पोराला झोळीत टांगलेलं असतं. पाठीला काम नाही, तोल सांभाळायला नको, टाचा अधांतरी, चवड्यांनी जमीन रेटायची. स्वतःचे पायही त्याला दिसत नाहीत. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट थोडं लांबतं.

आणि वेग! सेकंदाला मीटरभर जातो तो. तुम्ही कढईतली भाजी परतेस्तोवर पोर जिन्याच्या तोंडाशी. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. तिथे जुनाही विकता येत नाही.

मला कॅनडाची गरज नाही. हीच लेक आठ महिन्यांची असताना मी हौसेने निळा वॉकर आणला होता. भाड्याच्या घरात स्वयंपाकघराला उंबरठा होता. पुढचं चाक अडलं, वॉकर पुढे कलंडला, कपाळ फरशीवर. तीन टाके. डाव्या भुवईत अजून तेवढ्या जागेत केस येत नाहीत, ती पेन्सिलीने भरते. मी ओट्याशी होते, दोन पावलांवर. लक्ष ठेवलं की झालं, असं मला कुणी सांगू नये.

तिसरा उपाय वेखंड मधात उगाळून, 'बाळ लवकर बोलतं'. वेखंड मीही उगाळलंय, खोटं कशाला बोलू. पण वर्षाच्या आत मध अजिबात नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात. पोर लुळं पडतं, श्वास अडतो. चाटवण्यापुरताही नको. आणि बोलणं यायचं ते बोलण्याने. 'इथे इथे बस रे मोरा' म्हणत तळहातावर बोट नाचवा, ते फुकट आहे.

चौथा उपाय काजळाचा. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. त्यात शिसं असू शकतं. तीट लावायचीच तर माझ्या मते तळपायाला लावा, दृष्टीला काय, कुठेही चालतं.

पाचवा उपाय, जागेपणी पोराला गोधडीवर पालथं ठेवा, कडेवर कमी घ्या. हा बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच राग येतो, कारण त्याच्या भरवशावर बाकीचे चार खपतात.

काळजी करायची ती कशाची, तेही सांगते. नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसता येत नसेल, आवाजाकडे वळून बघत नसेल, एकच हात वापरत असेल, किंवा काल येत होतं ते आज येईनासं झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्याच आठवड्यात. मला किंवा जाऊबाईंना विचारत बसू नका.

लेकीने वॉकर ऑनलाइन मागवून ठेवलाच होता. बुधवारी खोकं आलं, ते न उघडता परत पाठवलं. नातू खोक्यापर्यंत बुडावर सरकत गेला आणि त्यावरची चिकटपट्टी चाटून आला.