अंधांसाठी वेगळी वेबसाइट लागत नाही
अंध सभासदांसाठी मंडळाला वेगळी वेबसाइट करावी लागेल, असा मेसेज इंदूरच्या आपल्या ग्रुपांवर फिरतोय. तसं नाही. आहे तीच साइट नीट करायची. गणेशोत्सवाची पत्रिका आपण फोटो म्हणून टाकली. राजवाड्याजवळच्या एका काकांच्या फोनमधला टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढे सरकला. तारीख, वेळ, भोजनाची कुपनं, काही कळलं नाही त्यांना! (पत्रिका मीच चढवली होती, म्हणजे चूक माझीच.) तोच मजकूर टाइप करून टाकला, की फोन तो वाचून दाखवतो. फोटोला वर्णन, फॉर्मच्या रकान्यांना नावं. फिकट राखाडी अक्षरं तर नकोतच. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष; त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१ लागतो. आणि ‘हे फक्त सरकारी साइटना लागू’ हेही चूक: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही धरतं.