घोडीला गाईचा हिशेब चालत नाही : मंगळवेढ्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून चार दिवस थांबलो. (लग्नसराईही होतीच.)

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. घोडी व्यायला आल्याच्या लक्षणांवर मी जे लिहिलं होतं, त्यात ‘सडांना मेण आलं की दिवसभरात घोडी विते’ असं एक वाक्य होतं. तुमच्या घोडीला मेण आलंच नाही आणि एका सकाळी शिंगरू शेजारी उभं दिसलं, तेव्हा लोकांना चुकीचं सांगू नका, असं तुम्ही म्हणता. शिवाय मी उगाच घाबरवतो, रात्र रात्र जागायला लावतो, ‘वीस मिनिटं’ आणि ‘तीन तास’ असली घड्याळं दाखवतो. तुमच्या घरी चाळीस वर्षं गाई-म्हशी आहेत. जनावर आपलं आपण मोकळं होतं, माणसानं हात घातला की बिघडतं.

मेणाचं तुमचं बरोबर आहे. वाक्य माझंच घाईचं होतं, ते बदललंय. सडाच्या टोकाला पाकाचा थेंब सुकावा तसा पिवळसर मणी बसतो. तो बहुतेक घोड्यांत व्यायच्या आधी एक ते चार दिवसांत दिसतो. पण काही घोड्यांना तो कधीच येत नाही, काहींचा रात्रीतून गळून पडतो आणि आपण सकाळी सड कोरडे बघून निवांत होतो. उलट काही घोड्या कित्येक दिवस दूध ठिबकवत राहतात. तसं ठिबकायला लागलं तर डॉक्टरांना सांगून ठेवायचं, कारण गळतोय तो चीक आहे आणि शिंगराला पहिल्या काही तासांत तोच हवा असतो.

एकट्या मेणावर भरवसा नको, हे कबूल. मग कशावर? तुम्ही लिहिलंय की घोडी अकलूजच्या बाजारातून गाभण म्हणूनच आणली होती, म्हणजे ती घोड्याला कधी दाखवली ते विकणाऱ्याच्या तोंडावर. आणि तारीख पक्की असली तरी घोडी तिला बांधील नसते. सरासरी ३४० दिवस धरतात, पण ३२० ते ३६० दिवसांत कधीही व्यायली तरी त्यात काही वावगं नाही. १२ मेला दाखवलेली घोडी हिशेबानं १७ एप्रिलला यायची, पण मार्चच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही येऊ शकते. तेव्हा अंगच वाचावं लागतं. दोन ते सहा आठवडे आधी कास भरू लागते. सुरुवातीला रात्री भरते आणि दिवसा हिंडली की उतरते, नंतर उतरत नाही. शेवटच्या चार-सहा दिवसांत सडही टम्म होतात. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बोट दाबलं तर आधी घट्ट लागणारी जागा लोण्यासारखी मऊ लागते. निरण, म्हणजे शेपटीखालचं योनीचं तोंड, लांब आणि सैल पडते. हे एकेकटं फसवतं. सगळं एकत्र दिसू लागलं की मी अंगणात बाज टाकतो.

‘पट्ट्यांची नाटकं’ असंही तुम्ही म्हणालात. मला ती स्वस्तातली सोय वाटते. संध्याकाळी सडातून चार थेंब घ्यायचे आणि पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, पट्टीवर टाकायचे. ६.४ किंवा त्याखाली आलं तर पुढच्या चोवीस तासांत व्यायची दाट शक्यता, त्याच्या वर असेल तर बहुधा ती रात्र झोपेची. काही जण पाण्याचा कठीणपणा मोजायची पट्टी वापरतात, कारण व्यायला आली की दुधातलं कॅल्शियम वाढतं. तिच्यासाठी दूध पातळ करावं लागतं आणि तिथं आपल्याकडच्या बोअरचं पाणी घातलंत तर सोलापुरातली प्रत्येक घोडी, बहुतेक घोडासुद्धा, आज रात्रीच व्यायला आलेला निघेल. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

आता घड्याळ. इथं मात्र मी मागे हटणार नाही.

गाईचा अनुभव घोडीला लावायची चूक मी स्वतः केली आहे. आमचे आप्पा स्टेशनवर टांगा हाकायचे, पण टांग्याच्या घोड्या आमच्याकडे कधी व्यायल्या नव्हत्या. घरात व्यालेल्या त्या गाईच. सोलापूरजवळ बाळे गावाच्या पलीकडे जागा घेतल्यावर पहिली घोडी गाभण राहिली, रूपी. एप्रिलची रात्र होती, भिंती अजून तापलेल्या. दीडच्या सुमाराला ती उठबस करू लागली, मान वळवून कुशीकडे बघायची, पुढच्या पायानं जमीन उकरायची, मानेवर घाम. पोट दुखत असेल तरी घोडी हेच करते, पण कास पाहून आम्ही ओळखलं. थोड्या वेळानं निरणीत काहीतरी दिसलं. बॅटरीच्या उजेडात लाल, मखमलीसारखं, ओलसर. मीच म्हणालो, ‘पाणमोट आहे, फुटेल आता.’ गाईपाशी बसतो तसे आम्ही बसून राहिलो. पाणी काही फुटेना. चाळीसेक मिनिटांनी शिंगरू बाहेर आलं, अंगानं भरलेलं, पूर्ण वाढलेलं, आणि मेलेलं.

सकाळी डॉक्टरांनी समजावलं. नीट चाललं असेल तर आधी भसकन पाणी जातं, बादलीभर, आणि मग पांढरट निळसर, पातळ, चकचकीत पडदा दिसतो. त्यातून एक खूर, थोडा मागे दुसरा, तळवे खाली, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. आम्ही पाहिलं ती खुद्द वार होती, वेळेआधी सुटलेली. वार सुटली की शिंगराचा प्राणवायू तुटतो. लाल मखमल दिसली तर डॉक्टरांना फोन लावायचा, पण त्यांची वाट न बघता त्याच क्षणी ती पिशवी कात्रीनं फाडायची आणि घोडी जोर देईल तसं शिंगराला बाहेर यायला मदत करायची. कात्री आता गोठ्याच्या खिळ्याला दोरीनं बांधलेली असते.

गाईला पाणी गेल्यावर तास-दोन तास लागले तरी आपण घाबरत नाही. घोडीत पाणी गेल्यापासून वीस ते तीस मिनिटांत सगळं उरकतं. दहा-पंधरा मिनिटांत पुढे काही सरकलं नाही, एकच पाय दिसला, तळवा वर दिसला किंवा पायांशिवाय नुसतं नाक आलं, तर घोडीला उठवून चालवायचं म्हणजे ती कमी जोर देते, आणि फोन. रात्री गावातून आमच्याकडे यायला डॉक्टरांना पाऊण तास लागतो, तुमच्याकडचं अंतर तुम्ही मोजा. अर्धा तास वाट बघून फोन केला तर त्यांनी येऊन काय करायचं? पाणी किती वाजता गेलं हे कळावं, एवढ्यासाठीच मी जागायला सांगतो.

वारेचंही तसंच. गाईची वार पडायला आपण बारा तास थांबतो. घोडीत तीन तास झाले की डॉक्टर हवाच, नाहीतर गर्भाशयात विष होऊन ते खुरांत उतरतं आणि घोडी कायमची लंगडी होऊ शकते. पडलेली वार टाकून न देता पसरून बघा, तुकडा आत राहिलाय का ते कळतं.

हात घालू नका हे तुमचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि लेखात ते ठळक यायला हवं होतं. बहुतेक घोड्या कुणाच्या मदतीशिवाय वितात. नाळही आपण कापायची नसते, घोडी उठली की ती आपोआप तुटते, मग फक्त बेंबीला डॉक्टर देतात ते औषध लावायचं. घोडीला गर्दीही खपत नाही, कळा सुरू झाल्यावरही ती काही वेळ रोखून धरू शकते. आप्पा मला म्हणाले होते, ‘त्या बत्तीचा झोत जरा लांब ने की, लाज वाटतीया तिला.’ आता मी दहा पावलांवर कडब्याच्या गंजीआड बसतो. गेल्या खेपेला नऊ रात्री बसलो, दहाव्या रात्री चहा ठेवायला आत गेलो आणि आलो तर शिंगरू खाली! तासाभरात उभं राहिलं, दोन तासांच्या आत सड धरला, तेव्हा चहा पुन्हा गरम केला.

तुमची घोडी या वर्षीही गाभण आहे असं शेवटी लिहिलंय. मागच्या खेपेला मेण आलं नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी सड भरलेले होते का, ते घरात कुणाला आठवत असेल तर कळवा. एकच घोडी दरवेळी साधारण तशीच वागते असा माझा अनुभव आहे आणि तुमच्या घोडीचं मला तेवढंच हवंय.