खंबाटकी घाटात बंद पडलेल्या पद्मिनीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. वडिलांच्या 1984 च्या प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) आमच्याकडे 3,800 रुपये देऊन साफ करून घेतलात, आणि आठव्या दिवशी वाईला जाताना खंबाटकी घाटात गाडी दोनदा बंद पडली. भर उन्हात, मागे ट्रकची रांग, आणि गाडीत पंचाहत्तरीचे वडील. गॅरेजला फोन केलात तर आमच्या मुलाने "नवीन कार्बोरेटर टाकावा लागेल" असं सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस कुणी फोन उचलला नाही. तुम्ही लिहिलंत त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तुमची आणि वडिलांची मनापासून माफी मागतो. फोन आता माझ्याकडेच असतो.

नवीन कार्बोरेटरचा सल्लाही चुकीचा होता. तुमच्या गाडीवरचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर मूळचा आहे, त्याची बॉडी सरळ आहे, थ्रॉटलचा दांडा ढिला नाही. असा कार्बोरेटर काढून बाजारातली नक्कल बसवू नका, कुणीही सांगितलं तरी.

तुमच्या लिखाणातली एक ओळ मी परत परत वाचली: "दहा मिनिटं थांबलो, मग आपोआप सुरू झाली." गाडी आमच्याकडे आली तेव्हा तक्रार होती की उभी असताना स्लोला इंजिन टिकत नाही, बंद पडतं, आणि पिकअप घेताना गचके देते. ती दुखणी कार्बोरेटरचीच होती. स्लो जेट, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक, चोंदला होता आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) कडक झाला होता. दोन्ही कामं केली, कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्ह बदलला, त्या वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची उंची लावली. पण शहरात ठीक चालणारी गाडी चढावर पाच-सात मिनिटं ओढल्यावर मरते आणि थांबल्यावर परत जिवंत होते, तेव्हा कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पुरेसं पोचतंय का हे आधी बघायचं असतं. सपाट रस्त्यावर इंजिन पेट्रोल कमी पितं, त्यामुळे अर्धवट चोंदलेली पेट्रोलची लाइनसुद्धा पुरून उरते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की फ्लोटची वाटी भरण्यापेक्षा लवकर रिकामी होते. गाडी थांबली की ओढ थांबते, टाकीतला गाळ जाळीवरून खाली बसतो, वाटी भरते, आणि गाडी सुरू होते. ही गाडी दीड वर्ष उभी होती हे वडिलांनी मला सांगितलं होतं. तरी मी टाकी उघडून बघितली नाही आणि सकाळच्या गारव्यात चार किलोमीटर सपाट रस्त्यावर फिरवून गाडी तुमच्या ताब्यात दिली. चूक तिथे झाली, आणि ती माझी आहे.

आताच्या पेट्रोलमुळे उभ्या गाड्यांचं दुखणं वाढलंय. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पाणी तळाशी बसून पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही त्याने खराब होतात. शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. नव्या गाड्यांचा सेन्सर ते सांभाळून घेतो, सोलेक्सच्या जेटचं भोक मात्र आहे तेवढंच राहतं. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, स्पार्क प्लगचं टोक कॉफीच्या रंगाऐवजी पांढरं पडतं. तुमचे प्लग तेव्हा पांढरटच होते. गरज पडली तर मेन जेट एक नंबर मोठा टाकू, पण टाकी साफ झाल्यावरच.

दोन शक्यता अजून उरतात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल, किंवा प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल अथवा कंडेन्सर तापल्यावर ठिणगी देत नसेल. त्यामुळे टाकी साफ होईपर्यंत गाडी पुन्हा बंद पडली तर बाजूला घेऊन आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा "फुस्स" आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर दोष झाकणाचा. बंद पडायच्या बेतात असताना चोक अर्धा ओढल्यावर क्षणभर जोर आला तर पेट्रोल कमी पडतंय. गचके न देता, दिवा विझावा तशी एकदम मेली तर कॉइलकडे संशय जातो. इंजिनजवळच्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवायची मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची जुनी रीत आहे, पंप तापून नळीत वाफ धरली असेल तर तिचा खरंच उपयोग होतो. गरम इंजिनवर कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायला मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका, भडका उडतो.

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, आणि कुर्ल्यात बनलेली ही गाडी आता तुमच्या वडिलांसारख्या माणसांनीच जपली आहे. ती घाटात बंद पडावी हे माझ्या जिवाला लागलंय.

टाकी उतरवून धुणं, लाइन फुंकणं, नवीन नळ्या आणि फिल्टर, यातल्या कशाचेही पैसे घेणार नाही. दोष कार्बोरेटरच्या कामातच निघाला तर 3,800 रुपये परत देईन. गाडी पुण्यापर्यंत आणू नका, येत्या रविवारी सकाळी मीच वाईला येतो. काम झालं की दुपारच्या उन्हात वडिलांना शेजारी बसवून खंबाटकी चढून दाखवतो. तोवर टाकीत पेट्रोल भरू नका, कमी असलं की उतरवायला सोपं जातं.